अकरावा चावा

गुरुसिद्धप्पा बिराजदारांच्या तोंडात वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते, आणि ही गोष्ट ते ओळख करून देतानाच सांगत. आधी दात, मग नाव. सोलापुरात कडक भाकरी सगळेच खातात, पण आप्पा महिनाभर वाळलेली, खिडकीच्या काचेसारखी भाकरी आमटीत न बुडवता खात. शेजारच्यांना त्या आवाजावरून दुपारचे साडेबारा वाजल्याचं कळायचं.

आप्पांची जेवायची एक रीत होती. घास तोंडात गेला की दहा वेळा चावायचे. अकराव्या चाव्याला जबडा थांबायचा, डावा गाल किंचित वर जायचा आणि नाकातून आवाज यायचा, "हूं." मग पुढचं चावणं. या ‘हूं’चा अर्थ त्यांनी कधी सांगितला नाही. मीठ कमी, मीठ जास्त, कालची भाजी बरी होती, तुझ्या सासूला हे बरं जमायचं, यांपैकी काहीही असू शकत होतं. त्यांची सून शिवलीला चौदा वर्षं रोज दुपारी त्यांच्या समोर बसून जेवली. विचारायची सोय नव्हती. आप्पांना प्रश्न विचारला की ते दात दाखवत.

शिवलीला घरापासून पाच मिनिटांवर, डॉक्टर मीनल कस्तुरे यांच्या दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दात किडला आणि छोटा खड्डा पडला तर मसाला भरून भागतं. दात फारच गेला तर वरून अख्खी टोपी बसवतात. या दोहोंच्या मधली जी अडनिडी अवस्था असते, तिच्यासाठी इनले आणि ऑनले. दाढेच्या माथ्यावर चार-पाच उंचवटे असतात. खड्डा त्यांच्या आत मावत असेल तर मापाचा तुकडा बाहेर घडवून आत चिकटवतात, तो इनले. एखादा उंचवटाच ढासळला असेल तर तुकडा त्याच्यावर चढवून बसवतात, तो ऑनले. पायरीला भोक पडलंय की पायरीचा कोपराच उडालाय, एवढाच फरक.

पूर्वी हे तुकडे चिनी मातीचे नाहीतर सोन्याचे असत आणि बसवल्या दिवसापासून झिजत. २०३८ साली जो नवा पदार्थ आला तो झिजत नव्हता. त्याचं नाव इतकं लांब होतं की लॅबमध्ये त्याला नुसतं ‘चुना’ म्हणत. चुना लाळेतलं कॅल्शियम ओढून घ्यायचा आणि जिथे दाब पडेल तिथे स्वतःला भरून काढायचा, जसं आपलं हाड काढतं. शिवाय दाबला की त्यात बारीकशी वीज तयार व्हायची, साठायची आणि ठरलेल्या वेळी सुटायची. म्हणजे त्याला आकार लक्षात राहायचा आणि तालही. फक्त आधी शिकवावं लागे. तोंडात बसवण्यापूर्वी सात दिवस त्याला चर्वणयंत्रात ठेवायचं आणि कुणातरी खऱ्या माणसाच्या चावण्याची नोंद त्याच्यावर चालवायची.

कंपनीने यंत्राबरोबर एक नोंद पाठवली होती. ती कुणा परदेशी गृहस्थांची होती आणि ते गृहस्थ बहुधा पाव आणि उकडलेले बटाटे खात असावेत. पहिल्या महिन्यात एकोणीस ऑनले तुटून परत आले. एक तर रुमालात, चटणीसकट.

"या माणसानं जन्मात भाकरी बघितलेली नाही," कस्तुरे डॉक्टर भिंगातून तुकडा बघत म्हणाल्या. "आपल्याला आपल्याकडचा जबडा पाहिजे, शिवलीला. सगळे दात स्वतःचे, आणि लहानपणापासून कडक भाकरी."

"आमच्या घरात हाय की एक," शिवलीला म्हणाली.

आप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं. गालांवर, कानामागे आणि हनुवटीवर चिकटपट्ट्या लावून ते सात दिवस नेहमीसारखे जेवले. आठव्या दिवशी पट्ट्या काढताना त्यांना वाईट वाटलं.

"म्हणजे माझा जबडा आता गावाच्या कामाला आला म्हण की."

"जिल्ह्याच्या, आप्पा."

"हूं," आप्पा म्हणाले.

नोंद साफ करणं शिवलीलाचंच काम होतं. तिनं खोकला काढला, ढेकर काढले, चौथ्या दिवशी गॅलरीत पार्सल टाकणाऱ्या ड्रोनला दिलेल्या शिव्या काढल्या. संगणकाचा नियम सरळ होता. अधूनमधून येतं ते गोंगाट, नेमानं येतं ते चर्वण. ‘हूं’ नेमानं येत होता. शिवलीलाला तर तो ऐकूच आला नाही, सतत चालणाऱ्या पंख्याचा आवाज येत नाही तसा.

त्यानंतर एकही ऑनले तुटला नाही. अडीच वर्षांत लॅबनं चार हजारांवर तुकडे बसवले. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा, जिथे जिथे भाकरी कडक तिथे तिथे आप्पा गेले.

मग आप्पा खरोखरच गेले. दुपारचे आडवे झाले ते उठले नाहीत. बत्तीस दात शाबूत.

महिनाभर घरात माणसांची ये-जा होती. ती थांबल्यावर एका दुपारी शिवलीला आणि तिचा नवरा रेवण दोघंच जेवायला बसले. शिवलीलानं घास घेतला, चावला, गिळला. काहीच झालं नाही. तिनं दुसरा घेतला. शेंगाची चटणी उत्तम झाली होती. आमटीही. आपल्याला आपला स्वयंपाक आवडतो, हे तिला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं. तिला थोडं रडू आलं आणि तिनं तिसरी भाकरी मोडून घेतली. हे ताट आता आपलं, हे पुन्हा कुणाच्या नाकाखाली ठेवायचं नाही, असं तिनं त्याच दुपारी ठरवलं.

रेवणकडून धोका नव्हता. तो विजेच्या बसच्या डेपोत होता आणि स्वभावानं पाण्यासारखा. जे वाढाल ते खायचा आणि "मस्त" म्हणायचा. चौदा वर्षांत त्यानं दुसरं विशेषण वापरलं नव्हतं. एकदा चुकून भांडी घासायचं द्रावण पडलेली खिचडीही मस्त झाली होती.

दिवाळीत चिक्कीवर रेवणची दाढ उडाली. शिवलीलानं त्याचा ऑनले स्वतः घडवला, शेजारच्या दाढेतल्या खड्ड्यासाठी इनलेही, आणि दोन्ही सात दिवस यंत्रात ठेवले. बापाचंच चावणं पोराच्या तोंडात, यात वावगं काही तिला दिसलं नाही. उलट जरा बरंच वाटलं.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, रेवणनं भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. चावला. थांबला.

"हूं."

शिवलीलाच्या हातातली पळी आमटीत पडली.

"काय म्हणालास?"

"कुठं काय?"

"आत्ता. हूं म्हणालास."

"मी? नाही बाई. जेवतोय मी."

त्यानं पुढचा घास घेतला. शिवलीला मोजत होती. आठ, नऊ, दहा. डावा गाल वर गेला. रेवणच्या गोल, भोळ्या चेहऱ्यावर तो गाल दुसऱ्याच्या घरातून उचलून आणल्यासारखा दिसत होता.

"हूं."

"मीठ कमी आहे का रे?"

रेवण विचारात पडला. चौदा वर्षांत तो जेवताना पहिल्यांदाच विचारात पडला होता. "आता तू म्हणतेस तर… कमीच आहे की जरा."

मीठ कमी नव्हतं. पुढच्या दिवशी तेल जास्त झालं. त्याच्या पुढच्या दिवशी भाकरी ‘बघितली’ गेली, म्हणजे उजेडात धरून. आठवड्याच्या शेवटी रेवण ताटाकडे बघत हळूच म्हणाला, "आईच्या हातची येसर आमटी वेगळी असायची."

"तुला आठवते?"

"न आठवायला काय झालं?"

रेवणची आई गेली तेव्हा तो सव्वा वर्षाचा होता.

शिवलीला लॅबमध्ये गेली तेव्हा कस्तुरे डॉक्टर डबा उघडून बसल्या होत्या आणि फोन वाजत होता. तो हल्ली वाजतच असे. आधीही असे फोन यायचे, पण घरगुती कुरबुर म्हणून डॉक्टर ते ठेवून देत. बार्शीची एक नवी नवरी, मंगळवेढ्यातल्या वसतिगृहाचा आचारी, अक्कलकोटच्या एका वकीलबाईंचे यजमान. प्रत्येकाची तक्रार वेगळ्या शब्दांत होती, पण मधोमध तोच एक आवाज. आचाऱ्याचं तर म्हणणं होतं की ओळीनं बसलेले वीस जण एकदम करतात आणि मग त्याच्याकडे बघतात. तो नोकरी सोडून भावाकडे निघाला होता.

"हे आमचे आप्पा आहेत," शिवलीला म्हणाली.

"आकारातून ‘हूं’ कसा जाईल, वेडे?" डॉक्टर म्हणाल्या, पण त्यांनी नोंदीचा आलेख पडद्यावर लावला, आणि बघता बघता त्यांचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा झाला. "थांब. जातो. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती तंतूंची गादी असते, तिच्यात नसा. चावण्याचा ताल मेंदूच्या बुडाशी आपोआप चालतो, आणि दर चाव्याला तो या नसांना विचारतो, पुढं काय? नसा सांगतील तसा जबडा चालतो. बैलगाडी जुन्या चाकोरीत जाते ना, तशी." त्यांनी भाजीचा घास घेतला. "दहा चाव्यांची वीज साठते, अकराव्याला सुटते. जबडा थांबतो. डाव्या बाजूला चढ आहे, म्हणून गाल वर जातो. कोंडलेली हवा नाकातून येते. हूं. इथवर सगळं यांत्रिक. पण माणसाचा मेंदू स्वतःच्याच चेहऱ्यावरून स्वतःचा अंदाज बांधतो. गाल असा वर गेला म्हणजे आपण नाराज आहोत, असं त्याला वाटतं. मग तो कारण शोधायला लागतो. आणि समोर काय असतं? ताट. आणि ते वाढणारी बाई. हूं."

शिवलीलानं त्यांच्या डाव्या गालाकडे बघितलं. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या दाढेत इनले बसवून घेतला होता.

"ही भेंडी," डॉक्टर डब्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्या स्वयंपाकाच्या बाईंना कधी जमणार नाही." आणि मग त्यांचा चेहरा पांढरा पडला.

उपाय होता. तुकडे काढायची गरज नव्हती. चुन्याला जसं शिकवता येतं तसं विसरायलाही लावता येतं. पातळ थरथरती पट्टी दातांत धरून तीन दिवस अर्धा अर्धा तास चावायची, की पट्टीतला ताल जुन्या तालावर चढतो. पण पट्टीत कुणाचा तरी ताल हवाच. रिकामी पट्टी दिली तर चुना काहीच शिकत नाही आणि भाकरीला पुन्हा तुटतो. दात कुणाचा तरी असावाच लागतो.

म्हणून पुन्हा जबडा शोधणं आलं. सगळे दात स्वतःचे, कडक भाकरी, आणि तोंडात लॅबचा तुकडा नसलेला. आता अशी माणसं फार उरली नव्हती. एक तालीमवाले पैलवान मिळाले, पण त्यांच्या नोंदीनं यंत्राचा दांडाच वाकला. एक निवृत्त मुख्याध्यापक मिळाले, ते फक्त उजवीकडे चावत आणि डावीकडे बोलत. तिसऱ्या गृहस्थांच्या नोंदीत दर चार मिनिटांनी थुंकणं निघालं. ते नेमानं होतं, म्हणून संगणकानं ते चर्वण धरलं.

"तुझे दात बघू," शेवटी डॉक्टर शिवलीलाला म्हणाल्या.

बत्तीस. एकही भरलेला नाही.

शिवलीला सात दिवस पट्ट्या लावून जेवली. समोर रेवण बसून ‘हूं’ करत होता, पण तिनं नजर ताटात ठेवली. आठव्या दिवशी कानाला यंत्र लावून तिनं स्वतःची नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. सात दिवस, चौदा जेवणं. एकही ‘हूं’ नव्हता. तिनं इतका लांब सुस्कारा सोडला की पडद्यावर वाफ आली.

"आणि हा थांबा कसला गं?" डॉक्टरांनी आलेखावर बोट ठेवलं.

प्रत्येक घासात, दहा चाव्यांनंतर, रेघ सपाट होत होती. पावणेदोन सेकंद. गाल जागच्या जागी. फक्त भुवया केसभर वर. मग पुन्हा चावणं.

शिवलीला त्या सपाट रेघेकडे बघत राहिली. आप्पांना जाऊन सात महिने झाले होते. आपण अजून थांबतोय, हे तिला माहीत नव्हतं. समोरच्याचं चावणं मोजत, आता काय येतंय याची वाट बघत चौदा वर्षं जेवलेल्या माणसाच्या जबड्याला काय माहीत, की समोरची जागा रिकामी झालीय.

"सवय आहे," ती म्हणाली. "काढून टाकायचा का?"

"ताल मोडेल, परत तुटतील. आणि घरोघरी भांडणं चाललीत, मला रोज शिव्यांचे फोन येतात." डॉक्टरांनी हात झटकला. "थांबेनात का. गप्प तर राहतील."

हे शिवलीलालाही पटलं. तिला फक्त आपलं ताट परत हवं होतं.

पहिली पट्टी रेवणनं चावली. चौथ्या दिवशी ती दोघं जेवायला बसली. आठ, नऊ, दहा. शिवलीलाचे खांदे आपोआप वर गेले. रेवण थांबला. गाल हलला नाही, आवाज आला नाही. त्यानं मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं, खिडकीपाशी कागद देऊन उभा राहिलेला माणूस आतल्या साहेबाकडे बघतो तसं.

"काय रे?"

"काही नाही."

पण तो चावत नव्हता. घास तोंडात तसाच.

"चांगली झालीय ना?"

"झालीय का?" रेवणनं विचारलं.

"तू खातोयस की मी?"

"मी खातोय. पण तू सांग."

"झालीय," शिवलीला म्हणाली, आणि रेवणचा जबडा लगेच सुरू झाला. पुढच्या घासाला पुन्हा तसंच. तिसऱ्या घासाला तिला हसू आलं. पाचव्याला तिनं उगाच जरा वेळ लावून बघितला, आणि रेवण थांबला. पाणी प्यायलासुद्धा थांबला.

तिनं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी आलेख पुन्हा तपासला. "चुन्यातली वीज पावणेदोन सेकंदांत संपते," त्या म्हणाल्या. "तिथून पुढचं थांबणं दातांचं नाही. चेहरा विचारतोय म्हणून मेंदूला वाटतं आपण काहीतरी विचारलंय, आणि विचारलंय तर उत्तर येईपर्यंत थांबायला पाहिजे. पण घरोघरी शांतता आहे बाई. बार्शीची ती नवरी म्हणाली, नवरा फार प्रेमळ झालाय." मग त्या जरा घुटमळल्या. त्यांनीही पट्टी चावली होती. "हे ठीकच आहे ना? तू सांग."

सगळ्यांच्या पट्ट्या झाल्यावर डॉक्टरांनी कडक भाकरीचा मेळावा ठेवला. लोकांचा विश्वास परत मिळवायचा तर चारचौघांत भाकरी मोडून दाखवायला हवी होती. होटगी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात, भर दुपारी, चारशे रुग्ण ओळीनं पाटांवर बसले. भाकरी, शेंगाची चटणी, येसर आमटी, दही. वाढपी बादल्या घेऊन फिरून गेले. पहिल्या ओळीत रेवण होता आणि त्याच्या शेजारी डॉक्टर. दोन शब्द बोलायला शिवलीलाला स्टेजवर उभं केलं होतं. तिला बोलायची सवय नव्हती, म्हणून ती एवढंच म्हणाली, "करा सुरुवात."

चारशे माणसांनी एकदम भाकरी मोडली. पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज झाला. मग चावणं सुरू झालं, आणि पहिल्या दोन-तीन चाव्यांतच ते एक झालं. कर्र. कर्र. कर्र. छताचे पंखे त्या तालात लोंबकळल्यासारखे वाटत होते. शिवलीलानं नकळत मोजलं.

दहा.

कार्यालय गप्प झालं. वाढप्याच्या बादलीतला डाव टकटकला, तेवढाच आवाज. चारशे माणसं भरल्या तोंडानं थांबली होती. आधी त्यांनी आपापल्या ताटाकडे बघितलं. मग शेजाऱ्याकडे. शेजाऱ्याच्याही भुवया वर होत्या, तोही विचारतच होता, म्हणून ते त्याच्या पलीकडच्याकडे वळले. माना ओळीनं फिरत गेल्या. सगळ्या सभागृहात उत्तर द्यायला मोकळं एकच तोंड होतं. एकेक करून चारशे चेहरे स्टेजकडे वळले.

पावणेदोन सेकंद होऊन गेले. कुणीही चावलं नाही.

तिसऱ्या ओळीत एक वयस्कर गृहस्थ होते, पोलिसातून निवृत्त झालेले असावेत, मिशा तशा होत्या. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून आमटीची धार हनुवटीवर उतरत होती आणि ते ती पुसत नव्हते. त्यांच्यामागे दोन तरुण मुली, हातात हात धरून. रेवण. डॉक्टर. सगळ्यांची नजर तीच. शिवलीलानं ही नजर कधी बघितली नव्हती, कारण ती आरशासमोर बसून जेवत नसे. पण ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

माईक तिच्या हातात होता. ‘छान झालंय’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ‘जेवा’ म्हटलं असतं तरी. चौदा वर्षांत हे दोन-तीन शब्द समोरून आले असते तर काय झालं असतं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच आत्ता इथे ते तिच्याइतक्या मायेनं कुणीच म्हणू शकलं नसतं. तिनं घसा साफ केला.

चारशे जणांच्या भुवया आणखी केसभर वर गेल्या.

तर आप्पांना रोज दुपारी, ताटापलीकडे, हे असं दिसायचं.

शिवलीलानं माईक जरा खाली घेतला. मग पहिल्या ओळीच्या डाव्या टोकापासून, अजिबात घाई न करता, तिनं एकेक चेहरा बघायला सुरुवात केली.